बौद्ध विचारपद्धती आणि विद्यार्थ्यांची विश्लेषणक्षमता : कालामसुत्त, मिलिंदपञ्ह आणि ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ यांच्या संदर्भात एक समीक्षा

सारांश

बुद्धाने विवेकाला प्राधान्य दिले, हे विधान आपल्या पाठ्यपुस्तकांतून, भाषणांतून व परीक्षेच्या उत्तरपत्रिकांतून वारंवार आढळते. मात्र विवेक करावयाचा म्हणजे नेमके काय करावयाचे, याचे विवेचन क्वचितच केले जाते. प्रस्तुत निबंधात पालि वाङ्मयातील काही सुत्ते, मिलिंदपञ्ह, दिङ्नागाची हेतुमीमांसा तसेच धर्मानंद कोसंबी व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे बुद्धचरित्रविषयक लेखन यांच्या आधारे बौद्ध विचारातील विश्लेषणाची साधने कोणती, ती पदवी स्तरावरील वर्गात कशी वापरता येतील आणि त्यांच्या मर्यादा काय आहेत, याचा शोध घेतला आहे.

बीजशब्द : कालामसुत्त, विभज्यवाद, प्रतीत्यसमुत्पाद, पंडितवाद, त्रैरूप्य, विश्लेषणात्मक विचार.

प्रस्तावना

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपल्या लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. तेव्हापासून दीक्षाभूमी हे या शहराच्या वैचारिक जीवनाचे एक केंद्र झाले आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सोहळ्याला खेड्यापाड्यांतून येणारा माणूस परत जाताना पिशवीत पुस्तक घेऊन जातो. ग्रंथखरेदी हा ज्या सोहळ्याचा अविभाज्य भाग आहे, असे सोहळे आपल्या समाजात फारसे नाहीत. असे असताना याच शहरातील महाविद्यालयांचे चित्र मात्र वेगळे दिसते. सक्करदरा, दिघोरी, नंदनवन या वस्त्यांतून तसेच उमरेड, कुही, भिवापूर या तालुक्यांतून येणारा विद्यार्थी बहुधा आपल्या घरातील महाविद्यालयात जाणारा पहिला किंवा दुसरा असतो. त्याच्याजवळ अनुभव असतो, प्रश्नही असतात. परंतु परीक्षेची तयारी तो गाईड व संभाव्य प्रश्नसंच यांच्या आधारे करतो. कारण परीक्षेत त्याला त्याचे प्रश्न कोणी विचारत नाही.

‘कालामसुत्ताचे महत्त्व स्पष्ट करा’ अशा स्वरूपाच्या प्रश्नाला जेव्हा विद्यार्थी पाठ केलेले दहा मुद्दे क्रमाने लिहून देतो, तेव्हा त्याला पूर्ण गुण मिळतात. केवळ ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून स्वीकारू नये, असे सांगणारे सुत्त तो ग्रंथात आहे म्हणून आणि शिक्षकाने सांगितले म्हणून लिहीत असतो. ही विसंगती विद्यार्थ्याची नाही. ती आपल्या अध्यापन व मूल्यमापन पद्धतीची आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये चिकित्सक विचारक्षमतेवर भर दिलेला असून नालंदा, तक्षशिला यांचा गौरवाने उल्लेख केलेला आहे. हा गौरव केवळ नामोल्लेखापुरता राहू नये, असे वाटत असेल तर त्या परंपरेतील विचाराची पद्धती तपासून पाहणे आवश्यक ठरते.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) बौद्ध वाङ्मयातील विश्लेषणाची साधने निश्चित करणे.
२) कोसंबी व डॉ. आंबेडकर यांच्या लेखनात या साधनांचा उपयोग कसा झाला आहे, याची समीक्षा करणे.
३) पदवी स्तरावरील अध्यापनात त्यांच्या उपयोजनाच्या शक्यता व मर्यादा स्पष्ट करणे.

कालामसुत्ताचे अर्धे वाचन

अंगुत्तरनिकायाच्या तिकनिपातातील या सुत्ताची पार्श्वभूमी प्रसिद्ध आहे. कोसल देशातील केसपुत्त या गावच्या कालामांकडे निरनिराळे श्रमण-ब्राह्मण येत, स्वमताची प्रशंसा व परमताची निंदा करीत. यातील खरे कोणाचे, हा कालामांचा प्रश्न होता. त्यावर बुद्धाने ज्या दहा आधारांवर विसंबून राहू नये असे सांगितले, त्यांचे तीन गट पाडता येतात. पहिल्या गटात ऐकीव माहिती, परंपरा, लोकप्रवाद व ग्रंथप्रामाण्य हे चार आधार येतात. दुसऱ्या गटात तर्क, अनुमान, बाह्य लक्षणांवरून केलेला विचार आणि आपल्या पूर्वीच्या मताशी जुळणे हे चार येतात. तिसऱ्या गटात वक्त्याची वरकरणी योग्यता आणि तो आपला गुरू असणे हे दोन येतात.

आपल्याकडील विवेचनात पहिल्या व तिसऱ्या गटाचा उल्लेख आवर्जून होतो. दुसरा गट मात्र वगळला जातो. त्यामुळे परंपरा टाकून तर्क स्वीकारावा, एवढाच या सुत्ताचा आशय असल्याचा समज रूढ झाला आहे. वस्तुतः केवळ तर्काला पटते म्हणूनही स्वीकारू नये, असे हे सुत्त सांगते. विशेषतः ‘आपल्या मताशी जुळते म्हणून खरे’ या प्रवृत्तीविषयीचा इशारा आजच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचा आहे. भ्रमणध्वनीवर येणारा संदेश परंपरेच्या नावाने येत नाही. तो आपल्या आधीच्या मताला पुष्टी देत येतो आणि म्हणूनच न तपासता पुढे पाठविला जातो.

दुसरी बाब अशी की, सुत्त नकारावर थांबत नाही. बुद्ध कालामांनाच प्रतिप्रश्न करतो. लोभ, द्वेष व मोह माणसाच्या हिताचे की अहिताचे, त्यांच्या आहारी गेलेला माणूस काय करतो, जाणते लोक अशा वर्तनाला काय म्हणतात, हे प्रश्न तो विचारतो आणि उत्तरे कालाम देतात. म्हणजे येथे अनुभव, परिणाम व जाणत्यांचा अभिप्राय या तिन्ही कसोट्या एकत्र लावल्या आहेत. यात ‘वाटेल ते मानण्याचे स्वातंत्र्य’ नाही. तपासण्याची जबाबदारी आहे. मज्झिमनिकायातील वीमंसकसुत्त तर याही पुढे जाते. शिष्याने स्वतः तथागताचीच परीक्षा करावी, त्याचे आचरण पाहून व बोलणे ऐकून ती करावी, असे तेथे सुचविले आहे. शिक्षकाने आपली परीक्षा विद्यार्थ्याला करू द्यावी, ही कल्पना आजच्या वर्गातही धाडसाचीच म्हणावी लागेल.

प्रश्नांचे वर्गीकरण : विभज्यवाद

मज्झिमनिकायातील सुभसुत्तात बुद्धाने स्वतःला विभज्यवादी म्हटले आहे. विभज्यवाद म्हणजे विभागून, वेगळे करून सांगणे. गृहस्थाचे जीवन श्रेष्ठ की प्रव्रजिताचे, या प्रश्नाला एकच एक उत्तर न देता ‘कोणता गृहस्थ, कोणते आचरण’ असा भेद तो करतो. अंगुत्तरनिकायात प्रश्नांचे चार प्रकार सांगितले आहेत : ज्याचे थेट उत्तर देता येते तो, ज्याचे विभागून उत्तर द्यावे लागते तो, ज्यावर आधी प्रतिप्रश्न करावा लागतो तो आणि जो बाजूला ठेवावा लागतो तो.

हे वर्गीकरण अध्यापनाच्या दृष्टीने फार उपयुक्त आहे. ‘सक्करदरा तलाव नागपूर शहरात आहे काय?’ या प्रश्नाचे उत्तर थेट देता येते. ‘तलावाचे पाणी चांगले आहे काय?’ असे विचारल्यास ‘कशासाठी चांगले, पिण्यासाठी की बागेसाठी, आणि कोणत्या निकषाने?’ असा प्रतिप्रश्न करावा लागतो. ‘शहरीकरण तलावांना मारक ठरते काय?’ या प्रश्नाचे उत्तर विभागून द्यावे लागते. ‘तलावाचा आत्मा दुखावला आहे काय?’ हा प्रश्न काव्यात शोभेल. पर्यावरणशास्त्राच्या तासाला तो बाजूला ठेवावा लागेल. उत्तर लिहिण्यापूर्वी प्रश्न कोणत्या प्रकारचा आहे, हे ठरविण्याची सवय लागल्यास विद्यार्थ्यांच्या लेखनातील सरसकट विधानांना बऱ्याच प्रमाणात आळा बसू शकेल.

चौथ्या प्रकाराविषयी एक आक्षेप संभवतो. चूळमालुंक्यसुत्तातील बाणविद्ध माणसाचा दृष्टान्त सांगून बुद्धाने जग शाश्वत की अशाश्वत यांसारखे प्रश्न अनुत्तरित ठेवले. हे जिज्ञासेचे दमन नव्हे काय? हा आक्षेप सहज बाजूला सारण्यासारखा नाही. शिक्षकाने ‘हा प्रश्न अभ्यासक्रमात नाही’ असे म्हणणे आणि बुद्धाने प्रश्न बाजूला ठेवणे यांत फरक आहे, तो कारण देण्याचा. बुद्ध त्या प्रश्नाचे उत्तर दुःखमुक्तीला उपयोगी नाही, असे कारण देतो. ते कारण पटते की नाही, हे मालुंक्यपुत्ताला तपासता येते. कारण न देता बाजूला ठेवलेला प्रश्न हा दडपलेलाच प्रश्न होय.

कारणांचे विश्लेषण : प्रतीत्यसमुत्पाद

चार आर्यसत्यांची मांडणी समस्या, कारण, निरोध व मार्ग अशी आहे. वैद्याच्या रोगनिदानाशी तिची तुलना केली जाते. मात्र विश्लेषणाच्या दृष्टीने अधिक मूलगामी आहे तो प्रतीत्यसमुत्पाद. कोणतीही घटना एकाकी नसते. ती प्रत्ययांच्या, म्हणजे सापेक्ष अटींच्या आधारे घडते आणि त्या अटी नाहीशा झाल्या की तीही नाहीशी होते, हा त्याचा आशय आहे.

विदर्भातील विद्यार्थ्याला ‘शेतकरी आत्महत्येची कारणे लिहा’ हा प्रश्न अनेक विषयांत विचारला जातो. बहुतेक उत्तरांत कर्जबाजारीपणा, नापिकी, व्यसनाधीनता असे मुद्दे सुट्या यादीप्रमाणे येतात. प्रतीत्यसमुत्पादाच्या पद्धतीने पाहिल्यास ही यादी साखळीत मांडावी लागते. कोरडवाहू कापसाची शेती पावसावर अवलंबून असते. त्यामुळे उत्पन्न अनिश्चित राहते. अनिश्चित उत्पन्नामुळे कर्जाची परतफेड थकते. थकबाकीमुळे बँकेचे दार बंद होते आणि सावकाराचे उघडते. यातील कोणती अट काढून घेतल्यास पुढील कडी तुटेल, हा प्रश्न मग आपोआप उपस्थित होतो. सिंचन, हमीभाव, पतपुरवठा या उपायांचा विचार यादीतून नव्हे, तर अशा मांडणीतून सुचतो. शिवाय ‘नशीब’ आणि ‘देवाची इच्छा’ ही उत्तरे या मांडणीत बसत नाहीत, हेही विद्यार्थ्याच्या ध्यानात येते.

हेतूची परीक्षा : दिङ्नाग

नागार्जुनाचा जन्म विदर्भात झाल्याचे तिबेटी परंपरेत सांगितले जाते आणि रामटेकच्या परिसरात त्याचे नाव आजही लोकस्मृतीत आहे. त्याच्यानंतर दिङ्नाग व धर्मकीर्ती यांनी बौद्ध तर्कशास्त्राला काटेकोर रूप दिले. प्रत्यक्ष व अनुमान ही दोनच प्रमाणे त्यांनी मानली. शब्दाला, म्हणजेच ग्रंथवचनाला, स्वतंत्र प्रमाणाचे स्थान दिले नाही. हेतू निर्दोष ठरण्यासाठी तीन अटी सांगितल्या आहेत : हेतू पक्षात असावा, सपक्षात असावा आणि विपक्षात नसावा. धूर हे अग्नीचे गमक का, याचे उत्तर या तीन अटींत आहे. धूर समोरच्या डोंगरावर दिसतो, स्वयंपाकघरात अग्नीबरोबर दिसतो आणि जेथे अग्नी नाही अशा सरोवरावर दिसत नाही.

हीच कसोटी आपल्या नेहमीच्या विधानाला लावून पाहता येईल. ‘या महाविद्यालयाचा निकाल चांगला लागतो, म्हणून येथील अध्यापन चांगले आहे.’ निकाल चांगला आहे, ही पहिली अट पूर्ण होते. जेथे अध्यापन चांगले आहे अशा काही ठिकाणीही निकाल चांगला असतो, म्हणून दुसरीही पूर्ण होते. परंतु जेथे अध्यापन यथातथाच आहे, तेथेही गाईडच्या पाठांतरावर निकाल चांगला लागू शकतो. म्हणजे हेतू विपक्षातही आढळतो आणि अनुमान दुबळे ठरते. विरोधी उदाहरण शोधण्याची ही सवय म्हणजे विश्लेषणात्मक विचाराचा गाभाच होय. त्यासाठी संस्कृत पारिभाषिक संज्ञा पाठ असण्याची गरज नाही.

चिकित्सेचा वस्तुपाठ : कोसंबी आणि डॉ. आंबेडकर

वरील साधने प्रत्यक्षात कशी वापरावीत, याचा उत्तम नमुना मराठी वाचकाच्या अगदी जवळ आहे. सिद्धार्थाने वृद्ध, रोगी, मृत व संन्यासी पाहिले आणि गृहत्याग केला, ही कथा सर्वपरिचित आहे. धर्मानंद कोसंबी यांनी ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात या कथेची ऐतिहासिकता नाकारली. महापदानसुत्तात ही कथा विपस्सी बुद्धाविषयी आलेली असून ती पुढे गौतमाच्या चरित्राला जोडली गेली, असे त्यांनी दाखविले. अरियपरियेसनसुत्तात आईवडील रडत असताना त्यांच्यासमक्ष केस काढून गृहत्याग केल्याचे वर्णन आहे, तर सुत्तनिपातातील अत्तदण्डसुत्तात परस्परांविरुद्ध शस्त्र उचलणाऱ्या लोकांना पाहून आलेल्या उद्वेगाचा उल्लेख आहे. या जुन्या पुराव्यांना कोसंबींनी अधिक महत्त्व दिले. त्यांची पद्धती पाठचिकित्सेची, म्हणजे ग्रंथांतील जुने-नवे थर वेगळे करण्याची आहे.

डॉ. आंबेडकर यांचा ‘द बुद्धा अँड हिज धम्म’ हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी चार प्रश्न उपस्थित केले आहेत : सिद्धार्थाने परिव्रज्या का घेतली, चार आर्यसत्ये बुद्धाच्या मूळ शिकवणुकीचा भाग आहेत काय, आत्मा नाकारल्यावर कर्म व पुनर्जन्म कसे संभवतात, आणि भिक्खूसंघ निर्माण करण्यामागील हेतू काय. पहिल्या प्रश्नाच्या संदर्भात त्यांचा युक्तिवाद संभाव्यतेचा आहे. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोपर्यंत वार्धक्य, रोग व मृत्यू पाहिलाच नव्हता, हे बुद्धीला पटत नाही. त्याऐवजी शाक्य व कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा, संघाचा युद्धाचा निर्णय आणि त्याला सिद्धार्थाने केलेला विरोध हे कारण त्यांनी मांडले. त्यांची पद्धती सामाजिक कार्यकारणाची आहे.

दोघांचे निष्कर्ष बरेच जवळचे असले तरी मार्ग वेगळे आहेत, हे विद्यार्थ्यांना दाखविणे महत्त्वाचे आहे. त्याचबरोबर आणखी एक बाब स्पष्टपणे सांगावी लागेल. पालि अट्ठकथांमध्ये रोहिणीच्या तंट्याचा प्रसंग बुद्धत्वप्राप्तीनंतरचा आहे. तेथे बुद्ध दोन्ही पक्षांत मध्यस्थी करतो. हा प्रसंग गृहत्यागाच्या आधी घेणे ही पुनर्रचना आहे. तसेच बुद्धवचन ओळखण्यासाठी डॉ. आंबेडकरांनी जी कसोटी दिली, की जे तर्कसंगत व विवेकी ते बुद्धाचे मानता येईल, तीत चक्रक दोषाची शक्यता आहे. आपल्याला विवेकी वाटते ते बुद्धाचे आणि बुद्धाचे म्हणून ते विवेकी, असे वर्तुळ तयार होऊ शकते. डॉ. आंबेडकरांना पाठप्रामाण्याच्या प्रश्नाची जाणीव होती. बुद्धाच्या हयातीतच त्याच्या बोलण्याचा विपर्यास झाल्याची उदाहरणे अलगद्दूपमसुत्तासारख्या सुत्तांतून त्यांनी स्वतःच दिली आहेत. तरीही मूळ ग्रंथात आधारस्थळे दिलेली नसल्याने वाचकाला पडताळणी करणे कठीण जात होते. ही उणीव ज्यांनी दूर केली, त्यांत या ग्रंथाचे हिंदी भाषांतरकार भदंत आनंद कौसल्यायन यांचा वाटा मोठा आहे. त्यांनी पालि संदर्भ शोधून काढले. त्यांच्या आयुष्याची अखेरची वर्षे नागपुरातच गेली व १९८८ साली त्यांचे येथेच निधन झाले.

नागपूरच्या वर्गात या गोष्टी बोलताना अनेक शिक्षक संकोचतात. चिकित्सा म्हणजे अनादर, असा अर्थ लावला जाईल, अशी भीती वाटते. ही भीती निराधार आहे असे म्हणता येणार नाही. कारण ज्या समाजाला शतकानुशतके ग्रंथापासून दूर ठेवले गेले, त्याच्या हाती आलेल्या ग्रंथावर आक्षेप घेणाऱ्याचा हेतू तपासून पाहण्याचा अधिकार त्या समाजाला आहे. परंतु प्रस्तावनेतील प्रश्नांच्या उकलीत वाचकांनीही भर घालावी, अशी अपेक्षा स्वतः ग्रंथकर्त्याने व्यक्त केली आहे. भदंत कौसल्यायन यांनी संदर्भ शोधले ते ग्रंथावरील प्रेमापोटीच. तेव्हा प्रश्न विचारणारा विद्यार्थी या ग्रंथाचा विरोधक नसून त्याच्या अपेक्षेतील वाचक आहे, ही भूमिका शिक्षकाने घेतली पाहिजे.

वर्गाचे वातावरण : पंडितवाद आणि राजवाद

साधने कितीही चांगली असली तरी ती वापरण्यास मोकळीक नसेल तर व्यर्थ होत. या संदर्भात मिलिंदपञ्हातील एक प्रसंग लक्षणीय आहे. राजा मिलिंद चर्चेची इच्छा व्यक्त करतो, तेव्हा नागसेन अट घालतो. पंडित चर्चा करतात तशी करणार असाल तर मी तयार आहे. राजे करतात तशी असेल तर नाही. पंडितांच्या चर्चेत गुंतागुंत सोडविली जाते, खंडन होते, चूक मान्य केली जाते, पण कोणी रागावत नाही. राजाच्या चर्चेत मात्र एक मत मांडले जाते आणि न मानणाऱ्याला शिक्षा होते. मिलिंद पंडितवाद स्वीकारतो आणि मगच पुढील चर्चा शक्य होते.

अंतर्गत गुण, हजेरी व तोंडी परीक्षा यांचे अधिकार हाती असलेला शिक्षक वर्गात एका अर्थी राजाच असतो. ‘पुस्तकात लिहिले आहे तेच लिही’ हे वाक्य राजवादाचे होय. १९५० साली तत्कालीन औरंगाबाद येथे सुरू झालेल्या आपल्या महाविद्यालयाला डॉ. आंबेडकरांनी पुढे मिलिंद हे नाव दिले. वादात हरण्याची तयारी असलेल्या राजाचे नाव शिक्षणसंस्थेला द्यावे, यातील शैक्षणिक आशय आपण पुरेसा लक्षात घेतलेला नाही.

मर्यादा

पहिली मर्यादा अशी की, बौद्ध विश्लेषण हे दुःखमुक्तीसाठी आहे. ते मूल्यनिरपेक्ष नाही. प्रज्ञेबरोबर शील व करुणा यांची सांगड त्यात घातलेली आहे. ज्यांना केवळ स्पर्धा परीक्षेतील बुद्धिमापन चाचणीची तयारी करावयाची आहे, त्यांना ते अपुरे वाटेल. दुसरी मर्यादा म्हणजे संपूर्ण बौद्ध वाङ्मय चिकित्सक नाही. त्यात चमत्कार आहेत, पुराणकथा आहेत, श्रद्धेलाही स्थान आहे. सोयीची सुत्ते निवडून संपूर्ण परंपरा विवेकवादी ठरविणे, हा कालामसुत्ताचाच भंग होईल. तिसरी मर्यादा सामाजिक आहे. हा विषय एका समाजाचा, अशी समजूत इतर विद्यार्थ्यांत आढळते आणि कधी कधी शिक्षकांतही. धर्मशिक्षण म्हणून हा विषय शिकविल्यास ही समजूत दृढ होईल आणि संविधानाच्या अनुच्छेद २८ मधील मर्यादांचाही प्रश्न येईल. विचारपद्धती म्हणून शिकविल्यास मात्र, १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने समाविष्ट झालेल्या अनुच्छेद ५१ क मधील वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद व शोधकबुद्धी विकसित करण्याच्या मूलभूत कर्तव्याशी तो सुसंगत ठरतो.

निष्कर्ष

१) कालामसुत्ताचा आशय तर्काचे निरपवाद समर्थन हा नसून परंपरा, तर्क व व्यक्ती या तिन्हींच्या प्रामाण्याची परीक्षा हा आहे.

२) प्रश्नांचे चतुर्विध वर्गीकरण, प्रतीत्यसमुत्पादाची साखळी व हेतूच्या तीन अटी ही तीन साधने कोणत्याही विद्याशाखेच्या वर्गात, धार्मिक श्रद्धेची अट न घालता, वापरता येण्याजोगी आहेत.

३) कोसंबी व डॉ. आंबेडकर यांच्या बुद्धचरित्रांचे तुलनात्मक वाचन हे मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यासाठी चिकित्सेचे सर्वांत जवळचे उदाहरण होय. त्यांच्या निष्कर्षांबरोबर त्यांच्या पद्धतीही शिकविल्या गेल्या पाहिजेत आणि त्या पद्धती त्यांच्याच निष्कर्षांना लावून पाहण्याची मुभा विद्यार्थ्याला असली पाहिजे.

४) प्रश्नपत्रिकेत ‘महत्त्व स्पष्ट करा’ या प्रश्नांबरोबर किमान एक प्रश्न असा असावा की ज्यात दिलेल्या युक्तिवादातील दोष शोधावयाचा आहे. अशा प्रश्नाचे तयार उत्तर गाईडमध्ये मिळणे कठीण आहे.

५) अंतर्गत मूल्यमापनात शिक्षकाच्या मतापेक्षा वेगळे, परंतु सकारण मत मांडणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण कमी होणार नाहीत, अशी लेखी हमी विभागाने वर्षारंभी द्यावी. ही बाब किरकोळ वाटली तरी पंडितवादाची सुरुवात तेथूनच होऊ शकते. त्याशिवाय उर्वरित शिफारशी कागदावरच राहण्याचा संभव अधिक आहे.